घण माझा, छिन्नी हुसेनची

किस्से गोठ्यातल्या शेणासारखे असतात. आज उचलून टाकावेत, तर सकाळी तेवढेच पुन्हा पडलेले! माझे निम्मे किस्से एकट्या हुसेनचे.

बहात्तरच्या दुष्काळात नेवाशाकडं तलावाच्या कामावर मुकादमानं आमची जोडी लावली. त्यानं छिन्नी धरायची, मी घण मारायचा. तो गाद्या भरणारा पिंजारी, मी नांगर धरणारा. दगड दोघांनाही नवा! घावागणिक मी खंडोबाचं नाव घ्यायचो, तो अल्लाचं.

मुकादम म्हणाला, "दोन दोन देव लावलेत, तरी दगड फुटंना व्हय?"

हुसेन म्हणाला, "ते बी दुष्काळी कामावरच हायेत, मुकादम. दमानं घ्या!"

*

दुपारी कामावर सुकडी वाटायचे, भाजलेलं गोड पीठ. रोज्यांच्या महिन्यात हुसेन उपाशी, म्हणून मी त्याच्याकडं पाठ करून खायचो. चार दिवस त्यानं ते बघितलं. पाचव्या दिवशी म्हणाला, "किसना, तोंड इकडं कर. तू चोरल्यावानी खातोस, अन् लाज मला वाटती!"

*

चारा संपला तेव्हा घोडेगावच्या बाजारात मी शेवटचा बैल विकला. हुसेन सोबत होता. परतताना रिकामं दावं माझ्या हातात. मैलभर गेल्यावर त्यानं ते दावं घेतलं, स्वतःच्या गळ्यात अडकवलं अन् म्हणाला, "चल, हाक मला!"

भर रस्त्यात हसता हसता रडलो मी.

*

पुढं एक दिवस उन्हानं माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. घण छिन्नी सोडून हुसेनच्या हातावर बसला. करंगळी गेली.

त्याला दवाखान्यात नेलं. त्यानंतर माझा हात घणाकडं जाईचना. मुकादम भला माणूस, त्यानं आठ दिवस मातीच्या पाट्या वाहायला लावलं. मग म्हणाला, "किसना, सोमवारी घण उचल, न्हाईतर हजेरीतनं नाव काढतो. मागं लई माणसं थांबलीत."

घरी पाच तोंडं. तरी हात उठेना.

सोमवारी हुसेन आला. हाताला फडकं गुंडाळलेलं. नेहमीच्या जागी बसला अन् चांगल्या हातानं छिन्नी उभी धरली.

मी म्हणालो, "हुसेन, माझ्याच्यानं न्हाई व्हायचं. दुसरा गडी बघ."

"दुसऱ्याचा नेम मला ठावं न्हाई."

"अन् माझा कळला न्हवं?"

त्यानं दगडावरची धूळ फुंकली.

"मार रं. अजून नऊ बोटं हायेत!"