दोन तोंडांचा डबा आणि दसऱ्याचा हार

गाड्यांच्या कामात मला जे थोडेफार नाव मिळाले, ते बहुतेक एका पत्र्याच्या डब्यामुळे मिळाले. अजूनही सोलापुरात एखादा जुना गाडीवाला भेटला की म्हणतो, "मिस्त्री, तुमच्या त्या दोन तोंडांच्या डब्यावर गाडी काय पळायची हो!" मी नुसती मान हलवतो. इतकी वर्षे हलवत आलो. डबा माझा नव्हता. ज्याचा होता त्याला गॅरेजमधून जावे लागले, आणि ते माझ्यामुळे. हे लिहून ठेवायचे राहिले होते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी तिशीच्या आतला, शहरातल्या एका गॅरेजात मुख्य मिस्त्री होतो. मालकांना गाडी पळवण्याचा भारी नाद. त्यांची चार दारांची छोटी गाडी आम्ही आतून पुष्कळ सुधारली होती, पण सोलापूरच्या उन्हात ती दम टाकायची. कारण साधे होते. इंजिन बॉनेटखालची तापलेली हवा ओढत होते. गरम हवा विरळ असते, तेवढ्याच घोटात तिच्यात दम कमी भरतो. बाहेरची गार हवा आत आणली की त्याच इंजिनाला जोर येतो. एवढे मला कळत होते, म्हणून मी एक रबरी नळी कार्बोरेटरपासून पुढच्या जाळीपर्यंत नेली. हळू चालताना फरक पडला. जोरात पळवली की गाडी पुन्हा गुदमरायची.

तेव्हा मालकांनी एका पत्रेवाल्याला बोलावले. शुक्रवार पेठेत राहणारा, घरी तेलुगू बोलणारा, पन्नाशीचा माणूस. गिरणीच्या सूतखात्यात हवा खेळवण्यासाठी पत्र्याचे मोठे नळ असतात, ते करण्यात त्याची हयात गेली होती. कापसाच्या तुसाने छाती धरलेली, दोन वाक्यांत एकदा खोकायचा. आम्ही त्याला मामा म्हणू लागलो.

मामाने माझी नळी पाहिली आणि विचारले, "मिस्त्री, ह्यो हुक्का कुणासाठी केलाय?"

सगळे गॅरेज हसले. मालकही हसले. ते हसू मी विसरलो नाही, हेही इथे लिहिले पाहिजे.

त्याने खिशातून सुताचा हातभर धागा काढला. मला इंजिन सुरू करायला लावून तो धागा नळीच्या तोंडाशी धरला. आधी धागा सरळ आत ओढला गेला. इंजिनाचा वेग वाढवला तसा तो फडफडू लागला.

"बघा, हवा चिडली," तो म्हणाला. "तोंड एकच. तेवढ्यातनंच समदी हवा पळती, वळणावर आपटती, आपसात भांडती. दोन तोंडं करा. दोघी निवांत चालत येतील की."

पुढचे तीन आठवडे गिरणीची पाळी संपवून तो येत राहिला. दोन्ही दिव्यांच्या आतल्या बाजूला त्याने एकेक तोंड काढले, तुतारीसारखे पसरट, कडा बाहेर वळवलेल्या. कड धारदार असली की हवा तिथेच फाटते, असे तो म्हणे. दोन्ही नळ समोरासमोर आणले तर हवा एकमेकींवर आदळेल, म्हणून त्याने ते दोन ओढे मिळावेत तसे तिरके आणून एका डब्यात सोडले. डबा मुद्दाम मोठा ठेवला, हवेने तिथे क्षणभर टेकावे आणि मग तेलात भिजवलेल्या फडक्यातून गाळली जाऊन इंजिनात जावे म्हणून. उजवीकडे बॅटरी आडवी येत होती. त्या नळाला वळसा पडला, म्हणून तो त्याने बोटभर रुंद केला. मग दोन्ही तोंडांशी दोन धागे. दोन्ही सारखे सरळ पडेपर्यंत त्याने पत्रा चार वेळा उकलला.

मालक खूश झाले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होटगी रस्त्याकडच्या विमानांच्या पट्टीवर गावातले हौशी लोक गाड्या पळवणार होते. मालक म्हणाले, "मामा, आपली गाडी पुढं निघाली की मागची शेड तुमची. गिरणी सोडून द्या. हेच डबे करा."

नंतर मामाने मला बाजूला घेऊन विचारले, "मालक बोलले ते करतील न्हवं?"

"करतील की."

"न्हाय, छातीसाठी म्हणतो. डाक्टर म्हणतंय, तूस सोड." मग जाताना वळून म्हणाला, "एक ध्यानात ठेवा, मिस्त्री. तोंडाम्होरं काय येऊ देऊ नका. नंबराची पाटीसुदिक खाली घ्या."

पाटी मी खाली घेतली.

दसऱ्याला गॅरेजात हत्यारांची आणि गाड्यांची पूजा झाली. मालकांच्या आईने शर्यतीच्या गाडीसाठी झेंडूचा जाड हार पाठवला होता. तो मीच पुढच्या जाळीवर बांधला, एका दिव्यापासून दुसऱ्या दिव्यापर्यंत. दसऱ्याचा हार कुणी काढत नाही, तो सुकून आपोआप गळायचा. दुसऱ्या दिवशी निघताना माझ्या डोक्यात आले की हा नेमका तोंडांवरून जातो. पण आईंचा हार, तोही शर्यतीच्या सकाळी, मी काढणार? आणि खरे सांगायचे तर मनात असेही होते, की फुलांनी बिघडणारा डबा असेल तर बिघडू दे. सुटून चाकात जाऊ नये म्हणून मी हार तारेने आणखी आवळला.

मामा त्या दिवशी पाळीवर होता. मालकांनी गाडी सोडली ती सुरुवातीला सुंदर गेली. अर्ध्या पट्टीवर मागून काळा धूर निघाला आणि इंजिन धापा टाकू लागले. मागच्या दोन गाड्या पुढे निघून गेल्या.

बॉनेट मीच उघडले. वाऱ्याने आणि ओढीने हार दोन्ही तोंडांत घुसला होता. डावे जवळजवळ बंद होते, उजवे अर्धे. आत डब्यात पाकळ्यांचा लगदा फडक्यावर बसला होता. हवा कमी आणि पेट्रोल जास्त, प्लग काजळून गेले होते. मालक तिकडे लोकांशी हुज्जत घालत होते. मी लगदा मुठीने काढून खिशात भरला. उरलेला हार तसाच लोंबत राहिला. फाटलेल्या हाराकडे कुणी संशयाने पाहत नाही.

मालक आले. "काय झालं?"

मी म्हणालो, "दोन तोंडांचं जमलं नाही."

एवढेच चार शब्द. मालकांनी तिथेच ठरवून टाकले. "खूळ होतं ते. गिरणी वेगळी, गाडी वेगळी."

दुसऱ्या दिवशी मामा डबा काढून न्यायला आला. फाटका हार मी रात्रीच सोडवून टाकून दिला होता. कुणावर चिडला नाही. पाना फिरवून बोल्ट सोडवले, डबा उलटा धरला आणि सवयीने दोन टिचक्या मारल्या. सांध्यात अडकलेली एक पिवळी पाकळी आमच्या दोघांच्या मध्ये जमिनीवर पडली.

त्याने ती उचलली. "झेंडू हाय न्हवं ह्यो?"

मी म्हणालो, "कुठून तरी उडून आला असेल."

तो माझ्याकडे बघत थांबला. फार नाही, एक खोकल्याची उबळ येऊन जाईल एवढा वेळ. मला बोलायला तेवढा वेळ पुरेसा होता. मग पाकळी त्याने डब्यात परत टाकली, डबा काखेला मारला आणि गिरणीच्या वाटेने गेला.

वर्षभराने मी दुसरे गॅरेज धरले. तिथे त्याच मापाचा, तसाच तिरक्या नळांचा डबा मी केला. उजवा नळ बोटभर रुंद ठेवला. धागे धरून पाहिले. गाडी अशी पळाली की लोक विचारायला येऊ लागले. कुणी विचारले, कुणाची अक्कल? मी मान हलवली.

मामा गिरणीतच राहिला. काही वर्षांनी छातीनेच गेला, असे ऐकले. मी गेलो नाही.

परवा दसरा झाल्यावर मी शुक्रवार पेठेत त्याचे घर शोधत गेलो. मुलगी तिथेच राहते, तिचेही केस पिकले आहेत. तिने पाणी दिले. मी हार, लगदा, पाकळी, चार शब्द, सगळे क्रमाने सांगितले. मी क्षमा मागितली. तिने एवढेच विचारले, "आमचे नाना शेवटपर्यंत म्हणायचे, माझं कुठलं माप चुकलं कळंना. रात्रंदिवस कागदावर रेघा ओढायचे. माप चुकलं होतं का?"

"नाही," मी म्हणालो. "एकही नाही. तसाच डबा मी नंतर केला. गाडी पळाली."

ती उठली. आतल्या खोलीत तिचा नवरा पडून होता, कानाने जरा कमी. दारात उभी राहून ती त्याला मोठ्याने म्हणाली, "अहो, ऐकलं का? नानांचं माप बरोबर होतं. पळाली म्हणतात."

तिने ते दोनदा सांगितले. मी पेला खाली ठेवला आणि चपला घातल्या.