मामांचा जागतिक गहू

जगात कुठेही मूठभर गहू पिकला, सांडला किंवा गोदामात किडला, तर त्याची पहिली खबर माझ्या मामेसासऱ्यांना लागते. कोलशेतच्या कारखान्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ आयुष्यात कसाऱ्यापलीकडे दोनचारदाच गेले असतील, पण अर्जेंटिनात मका किती शिल्लक आहे आणि थायलंडचा तांदूळ कोणत्या भावाने जहाजात चढतोय, हे त्यांना तोंडपाठ. सकाळी उठल्या उठल्या ते मोबाइलवर जगाचे भाव बघतात आणि मग बिनसाखरेचा चहा पितात. मधुमेह नाही. मामी गेल्यापासून साखरेचा डबा कोणता, हेच त्यांना अजून कळलेलं नाही. जगातला साखरेचा साठा विचारा, लगेच सांगतील.

भाव कळला की संताप ठरलेला. आमच्या डोंबिवलीतल्या वाण्याला त्यांनी छळ छळ छळलंय. "मलेशियात पामतेल महिनाभर उतरतंय, तुझ्याकडे का नाही उतरलं?" वाणी म्हणाला, "काका, माल जुन्या भावाचा आहे." त्यावर मामा, "मग चढलं तेव्हा जुना माल एका रात्रीत नवा कसा झाला रे?" मागे खोळंबलेली माणसंसुद्धा वाण्याकडे बघायला लागली. वाणी काट्याची पारडी पुसायला लागला. कल्याणच्या एका लग्नात मामांनी पानात भात टाकणाऱ्या पाहुण्याला जगातल्या तांदळाच्या साठ्यावरून भर पंगतीत झापलं. ते निघाले नवऱ्या मुलाचे वडील, आणि आम्ही मुलीकडचे.

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण मी पोळी-भाजीचे डबे देते. एप्रिलमध्ये वर्षाचा गहू भरायला निघाले, तर मामा म्हणाले, "अगं, थांब. जगात गहू ठेवायला जागा नाही. दिवाळीपर्यंत मातीमोल होईल." तेलाच्या बाबतीत त्यांचं एकदा बरोबर आलेलं, म्हणून मी थांबले. जगात गहू खरोखर उतरला. आमच्याकडे मात्र चढतच गेला. बाहेरच्या गव्हावर एवढं आयातशुल्क, की तो इथे यायचाच नव्हता. अर्जेंटिनापर्यंत नजर पोचणाऱ्या माणसाला आपल्या बंदरातलं एवढं दिसू नये?

मला डब्याचा दर वाढवावा लागला. निम्मी गिऱ्हाइकं सुटली, त्यात पाच वर्षं माझ्या हातचं जेवलेल्या दोन नर्ससुद्धा. मी मामांना घरी गाठून तोंडावर सुनावलं, "तुमच्या जगाच्या नादात माझा धंदा बसला, मामा." जन्मभर भांडत आलेला हा माणूस खाली मान घालून ऐकत राहिला. त्याचाही मला रागच आला.

मामांचा डबा माझ्याकडूनच जातो, घरचा म्हणून बिनपैशाचा. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "आजपासून चाराऐवजी तीनच पोळ्या पाठव. हल्ली भूक राहिली नाही." मी म्हटलं, बरं. मनात म्हटलं, अहो, तुमच्या एका पोळीने माझं गव्हाचं पोतं भरणार आहे का? आणि मग कणीक मळता मळता मला एकदम रडूच आलं.

मी डब्यात चारच ठेवते. डबा रिकामा येतो, आणि हल्ली घासून येतो.