रखमाचा गळा

रखमा कोळणीची हाक प्रभादेवीच्या आमच्या गल्लीत शिरली की मी ताट घेऊन जिन्यात हजर. आम्ही पाठारे प्रभू, मासळीविना घास उतरत नाही. शिवाय ती कोळीवाड्यातली धवलारीण. कोळ्यांची लग्नं धवलारणीच्या गाण्यांनी लागतात, म्हणून तिच्या गळ्याला फार मान.

छप्पन्न साली तिचा धाकटा भाऊ रघू संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात पकडला गेला. आईबापांमागे तिनेच वाढवलेला. मग काय, सकाळी मासळीची पाटी, दुपारी मोर्चा, रात्री काळजीने जागरण. 'झालाच पाहिजे' ओरडून ओरडून एक दिवस गळ्यातून नुसती हवा यायला लागली. परळच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, दोन महिने अवाक्षर काढायचं नाही, कुजबुजायचंही नाही, भरपूर झोपायचं. नाहीतर गाणं विसरा.

रखमाने पाटी नणंदेच्या, गुणवंतीच्या डोक्यावर दिली आणि भर दुपारी ओट्यावर चटई टाकून चक्क झोपायला लागली. वस्तीच्या जिभा सुटल्या. मी भेटायला गेले तेव्हा शेजारीण कालिंदी तिच्या तोंडावर म्हणाली, "भाऊ तुरुंगात आणि महाराणी लोळतायत."

माझं टाळकंच सरकलं. "ती घसा फोडत होती तेव्हा तू कुठे होतीस गं?"

रखमाने हात धरून मला खाली बसवलं, कूस बदलली आणि डोळे मिटले. भांडणातही तिला शक्ती घालवायची नव्हती.

दोन महिने भरायला आठवडा होता, तेव्हा रघू सुटला. गुलाल उधळत लोकांनी त्याला दारात आणलं. तो तिच्या पायांवर पडला. "बाय, येकदा माजा नाव तरी घे."

तिचे ओठ थरथरले, डोळ्यांना धारा लागल्या. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला, त्याचं डोकं पोटाशी घट्ट धरलं, पण शब्द काढला नाही.

"दगडाचं काळीज," कालिंदी पुटपुटली. मला मात्र रडू आवरेना.

पुढल्या माघात रघूचं लग्न निघालं. न जाणो म्हणून दुसरी धवलारीणही बोलावून ठेवली होती. तिची गरज लागली नाही. रखमाचा आवाज थोडा जाडा झाला होता, पण मांडवाच्या टोकाला बसलेल्या मला शब्द न् शब्द ऐकू आला. नवऱ्या मुलाचं नाव आलं तिथे ती थांबली. मग तेच नाव पुन्हा घेतलं, आणि पुन्हा.

"एकदाच घेतात ना?" मी गुणवंतीला विचारलं.

ती डोळे पुसत म्हणाली, "तवाचा नाव रायला व्हता ना."