टेम्पोखालचे पाय

मालाडच्या आमच्या ऑफिसात तेव्हा माझं काम एवढंच होतं: शाळेच्या बसचे ड्रायव्हर खुर्चीत बसवायचे, त्यांच्या डोळ्यांवर व्हीआरचा हेडसेट चढवायचा आणि ब्रेक दाबायला किती वेळ लागतो ते मोजायचं. हेडसेटमध्ये एक गल्ली दिसायची आणि उभ्या टेम्पोमागून अचानक एक मूल रस्त्यावर धावत यायचं. गल्ली ड्रायव्हरला दिसे, मला लॅपटॉपवर नुसते आकडे. त्या आकड्यांच्या जोरावर मी स्वतःला फार शहाणी समजत होते.

एके दिवशी चारकोपहून एक काका आले. मूळचे मालवणकडचे, सगळा जन्म बस चालवण्यात गेलेला. चपला काढून त्यांनी आमच्या प्लास्टिकच्या स्टिअरिंगला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला. "काका, ही खोटी गाडी आहे," मी म्हणाले आणि हसले. तेही हसले.

पहिल्याच फेरीत त्यांनी मूल यायच्या आधी ब्रेक दाबला. लॅपटॉप कोकलला: चूक. दुसऱ्या फेरीत तेच, तिसऱ्यातही. आधी दाबणारा म्हणजे अंदाजपंचे दाबणारा, असा आमचा नियम होता. बाहेर अजून सहाजण ताटकळत बसले होते, माझं टाळकं सरकलं.

"अहो काका, तुक्के मारू नका ना! मूल दिसल्यावर दाबा."

"गो बाय, पाय दिसतत मा त्याचे. टेम्पोच्या खालून."

"पाय-बिय काही नाही. पूर्ण मूल दिसलं पाहिजे."

माझ्या बापाच्या वयाचा माणूस तो. पुढे मी सांगितलं तस्संच केलं त्यांनी. थांबले, मूल आख्खं दिसू दिलं, खात्री केली, मग ब्रेक. सगळे आकडे मर्यादेबाहेर गेले. 'प्रतिसाद मंद' असं लिहून मी रिपोर्ट पाठवला आणि पुढच्याला हाक मारली.

चार दिवसांनी हेडसेटच्या काचा पुसल्या आणि नीट दिसतंय का बघायला तो स्वतःच्या डोळ्यांवर चढवला. पूर्वी एकदा हौसेने घातला होता, पण तेव्हा मी इमारतीच बघत बसले होते. ह्या वेळी नजर टेम्पोच्या खाली गेली. दोन छोटे बूट पळत होते, मूल दिसायच्या कितीतरी आधी.

मी हेडसेट उतरवला. साहेबांना जाऊन एवढंच सांगायचं होतं. पण मग सगळ्याच ड्रायव्हरांच्या टेस्ट पुन्हा घ्याव्या लागल्या असत्या, आणि साहेबांनी पहिला प्रश्न मलाच विचारला असता: इतके दिवस तुला कळलं कसं नाही? मी मूग गिळून बसले. हे लिहिताना आजही कान तापतात.

पुढच्या आठवड्यात काका परत आले. स्टिअरिंगवरून काढून त्यांना बसच्या दाराशी मुलं चढवायला उभं केलं होतं. माझ्यासमोर ते खुर्चीच्या कडेवर बसले.

"चूक माझीच झाली गो. तू सांगत होतीस, मी आयकूक नाय. परत एकदा घेशील काय? ह्या वेळी नीट आयकतंय."

"मशीन खोटं बोलत नाही, काका," मी म्हणाले.

"हां, तां खरां," म्हणत ते उठले, आणि जाताना माझे आभार मानून गेले.