पायाळू सगुणाबाई

वाटूरच्या सगुणाबाईच्या हातांविषयी मला लिहायचंय, पण गाव कायम तिच्या पायांविषयीच बोलायचं. जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले होते, म्हणून ती पायाळू. पायाळूनं पाठीला पाय लावला की उसण जाते, असं सगळे मानत. पायात काय कप्पाळ असतं? गुण तिच्या बोटांत होता. चोळायला ती मावशीकडून शिकली, मावशी एका सुईणीकडून, आणि सुईण आपल्या बापाकडून. तो निजामाच्या काळात तालमीतल्या पैलवानांना रगडायचा. त्याच्यामागचं कुणालाच ठाऊक नाही. करडईचं तेल कोमट करून सगुणाबाई बसली की बाळंतिणीची कंबर मोकळी व्हायची, आखडलेला खांदा वर जायचा, झोप उडालेली माणसं तिथंच घोरायला लागायची. तरी शेवटी लोक म्हणायचे, "आता जरा पाय लाव." तीही लावायची, कारण तिलाही ते खरं वाटायचं.

पोलीस ॲक्शननंतरच्या वर्षी तिनं रामरावाची उसण काढली. हा गावाशी फटकून मळ्यात राहणारा माणूस. त्यानं तिला लुगडं दिलं आणि मग वरचेवर दारात यायला लागला.

"आईला तुम्ही पहिल्याच का?" त्यानं एकदा विचारलं. दुसऱ्यांदा म्हणाला, "अंगावर कुठं वण न्हाई ना?"

सगुणाबाईला वाटलं, भला माणूस, आपुलकीनं चौकशी करतो. ऐकूनच माझं डोकं फिरतं. पोलीस ॲक्शनच्या पळापळीत कुणीतरी रामरावाच्या मळ्यात सोनं पुरून गेलंय, अशी कुजबुज गावात होती. पुरलेलं धन वर यायला पायाळूचं रक्त लागतं, तेही आईच्या पहिल्या आणि अंगावर वण नसलेल्या पायाळूचं, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. पण दोन्ही गोष्टी तिनं एकत्र लावल्या नाहीत.

अवसेच्या दुपारी रामराव आला. "माय लई आखडून गेली. जरा चोळून द्या, अन् जेवूनच जा."

मळ्यातल्या घरात त्याची म्हातारी आई, गोजरबाई, पालथी पडली होती. सगुणाबाईनं तेल लावलं. एरवी तिच्या हाताखाली पाठ हळूहळू सैल व्हायची. ही होईना. घरामागून कुदळीचा आवाज आला की पाठ पुन्हा दगड होई.

"माय, कशाला भ्यायलीस?"

गोजरबाई गोधडीत तोंड खुपसूनच बोलली. "त्यो खड्डा खंदून राह्यला. तुझ्यासाठी. पुढच्या दारानं नीघ, जल्दी."

सगुणाबाईनं हात पाठीवरच ठेवून विचारलं, "मंग तू?"

"माझं लेकरू हाय ते. मला काय करंल?"

पण पाठ तशीच ताठ राहिली. म्हातारी खोटं बोलतेय, हे सगुणाबाईच्या हातांना कळलं. तरी ती उठली आणि पळाली.

तिनं पाटलांना सगळं सांगितलं. माणसं जमून मळ्यात पोचेपर्यंत दिवस मावळला होता. खड्डा बुजवलेला होता आणि गोजरबाई विहिरीत होती.

"पाय घसरला मायचा," रामराव म्हणाला. पुरावा नव्हता. त्याला काही झालं नाही.

सगुणाबाईनं पुन्हा कुणाला तेल लावलं नाही. बाळंतिणी कण्हत राहिल्या, बायांनी हातापाया पडून पाहिलं. ती एवढंच म्हणायची, "माझ्या हाताला कळलं व्हतं, अन् मी तिला तिथंच ठिवून आले."