प्रेसच्या तेलातला कागद

"मॅडमचा डबा तेल साफ नाही करून राह्यला बे, नुसती लाईट खाऊन राह्यला," मिस्त्रीकाका प्रेसवाल्याला म्हणाले. दोघं खदखदून हसले. मॅडम म्हणजे मी, खांबाआड चहा घेऊन उभी होते.

जळगाव जामोदजवळच्या ज्या कापसाच्या जिनिंगमध्ये मी नोकरी करते, तिथे रुईच्या गाठी बांधणारा प्रेस तेलाच्या दाबावर चालतो. ऐन हंगामात तेलातल्या घाणीनं त्याचा व्हॉल्व्ह अडकायचा. मग मिस्त्रीकाका तेल जुन्या धोतरातून गाळायचे आणि दोन बोटांत चोळून म्हणायचे, "पाह्य, बोटाले काही लागते का?" लागत नव्हतंच. इतकी बारीक घाण धोतरातूनही निघून जाते, वर धोतराचे तंतू तेलात सुटतात. हे मी एकदा पुस्तकी मराठीत समजावलं. "इंग्रजी शायेतली बोलली!" एवढंच ऐकू आलं. मग मी बोलणंच सोडलं.

तेल साफ करणारा हा विजेवरचा डबा मीच शेठजींना सांगून आठवडाभर वापरून पाहायला आणवला होता. त्यात तेल हळूहळू फिरतं, आणि स्थिर विजेच्या ओढीनं त्यातली घाण घड्या घातलेल्या कागदावर जाऊन बसते. आवाज नाही, धूर नाही. काम झाल्यासारखं कुणाला वाटतच नाही. ठेवायचा की परत धाडायचा, ते शेठजी आज ठरवणार होते.

चहा संपवून मी डब्याजवळ गेले. दिवा विझलेला.

"जेवाच्या सुटीत कायले चालू ठेवाचा?" काका म्हणाले.

तेवढ्यात शेठजी आले. मी तेलाचे नळ बंद केले, आत साठलेली वीज पूर्ण उतरू दिली, झाकण उघडलं. कागद तव्याच्या बुडासारखा काळा झाला होता.

काकांनी वाकून पाहिलं. "जुनाच लावला असन."

शेठजी हसले. "मिस्त्रीले पटत नसन, तर वापस करून टाक, बेटा."

तेलकट हात मी ओढणीलाच पुसले.

"कागद तुमच्याच समोर लावला होता, काका, पांढराफट. ही घाण तुमच्या साफ तेलातून निंघाली. डबा वापस नाही जाणार, शेठजी. आन् त्याच्या बटनाले आता कोनी हात नाही लावाचा."