भाऊसाहेबांना मोठाच पंप हवा

गॅरेजमध्ये वायरचे तुकडे आणि किस्से कुणी ठरवून साठवत नाही. काम करता करता पायाशी पडत जातात आणि एक दिवस झाडायला घेतलं की पोतं भरतं. वायर भंगारवाला नेतो. किस्से कोण नेणार? म्हणून तुमच्या गळ्यात मारते. सगळे एकाच गाडीचे आहेत.

दिंडोरी रोडला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं गॅरेज आहे. आधी विहिरीवरच्या जळक्या मोटारींत नवी तार भरायचे, मग गाड्यांकडे वळले. कुणाकडे शिकले म्हणता? कुणाकडेच नाही! बाईला दुकानात उभं करायला कुणी तयार नव्हतं, म्हणून एक जळकी मोटार स्वतःच फोडून बघितली. तिनं सगळं सांगितलं.

* * *

गाडी आली ती बाप-लेकीचं भांडण घेऊनच. भाऊसाहेब म्हणजे दिंडोरीचे द्राक्षबागायतदार आणि केतकी त्यांची लेक. पोरीने जुन्या छोट्या गाडीला टर्बो बसवला होता. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. हवा वाढली की पेट्रोलही वाढायला हवं, आणि तेच पोचत नव्हतं. सपाटीला गाडी वाऱ्यासारखी, देवीच्या गडाचा घाट लागला की गचके!

गाडी भाऊसाहेबांच्या नावावर, जीव केतकीचा.

"मावशी, आता घाटात अजून एकदा गचका दिला ना, तर इकून टाकील मी. त्या पैशात फवारणीचा ब्लोअर येतो. मंग पळव म्हणाव ब्लोअर!"

केतकी शांतपणे म्हणाली, "आजी, पप्पांना सांगा, ब्लोअरलाही टर्बो बसवीन."

* * *

टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलतो तो पंपच बदलायचा होता. नवा कोणता घ्यायचा यावर भाऊसाहेबांचं मत तयारच होतं. "त्यात इचार काय करायचा? मोठा टाका. सगळ्यात मोठा!"

"मोठ्याने काय होतं?"

"लय पडतं!"

"बरं, तुमची बाग टेकाडावर ना? विहिरीच्या काठावर पाइप मोकळा सोडला तर मोटार जेवढं पाणी फेकते, तेवढंच टेकाडावर चढवते का?"

"छ्या! वर जाईस्तोवर निम्मं."

"मग! टर्बो हवा कोंबायला लागला की पेट्रोलला त्या दाबाविरुद्ध आत शिरावं लागतं. तेच तुमचं टेकाड. पंप मोकळ्यात किती फेकतो याला काही अर्थ नाही, त्या दाबाला किती देतो ते बघायचं. आणि उगीच मोठा घेतला तर नको असलेलं पेट्रोल टाकीत परत फिरत बसतं, तापतं. वायरही तापते."

भाऊसाहेबांनी मान डोलावली. मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत इतक्या लवकर कुणाला पटलं नव्हतं.

"पटलं, मावशी. मंग लहान-लहान दोन लावू या!"

* * *

पंप आणायला मी आणि केतकी गेलो. पार्टवाल्याने डबा पुढे सरकवला. "आजी, हा घ्या. तासाला किती लिटर ते वरच छापलंय."

"किती दाबाला?"

"दाब कशाला? लिटर लिहिलंय ना!"

"बिस्किटाच्या पुड्यावर काजूही छापलेला असतो. निघतो का आत?"

त्याने पहिला डबा मागे ओढला. मग वाकून काउंटरखालून दुसरा डबा काढला. त्यावर आलेख होता, दाब चढत गेला की किती लिटर उरतं त्याचा. आमच्या गाडीला लागेल त्याहून थोडं जास्तच भरत होतं. तोच घेतला.

बाहेर आल्यावर केतकी म्हणाली, "आजी, आता बिस्किटाचा पुडा पण घ्या. मला तो काजू शोधायचाय!"

* * *

पंप टाकीत बसवला. नवी वायर दुसऱ्या दिवशी ओढायची होती, तोवर जुन्या वायरीवर गाडी हळू घरी न्या म्हटलं. भाऊसाहेबांना दम कुठला! घरी जाऊन त्यांनी बॅटरीवरून सरळ पंपाला वायर जोडली. सकाळी बॅटरी ठार. ट्रॅक्टरने ओढत गाडी माझ्या दारात.

बघते तर ना फ्यूज, ना पंप चालू-बंद करणारा रिले! दुसरी बॅटरी लावली तर चावी खिशात असतानाही पंप आपला घुंऽऽऽ.

"हे काय केलंत?"

"आमच्या विहिरीवर असंच हे. ऑटो टाकून ठेवायचं. लाइट आली की मोटार आपोआप चालू, आपण झोपायला मोकळे."

"अहो, गाडी कुठे ठोकली, पाइप तुटला, इंजिन बंद पडलं, तरी हा पंप पेट्रोल ओततच राहील!"

"विहिरीचाबी पाइप फुटतो की, मावशी."

"विहिरीचं पाणी पेट घेत नाही, भाऊसाहेब!"

 पलीकडे केतकी गाडीखाली घुसली होती, तिचे नुसते पाय दिसत होते. त्या पायांकडे त्यांनी बघितलं, बॅटरीची टर्मिनल काढली आणि ती वायर स्वतःच्या हाताने उपटून माझ्या पोत्यात टाकली.

मग मी माझ्या पद्धतीने जोडणी केली. बॅटरीपासून नवी जाड वायर, बॅटरीजवळच फ्यूज, पुढे रिले. जुन्या वायरीचं काम आता फक्त रिलेला हुकूम द्यायचं. इंजिन थांबलं की हुकूम थांबला, पंप थांबला.

* * *

तरी पंपाच्या आवाजात मला कसर वाटत होती. उभ्या गाडीत बॅटरीचे व्होल्ट सगळेच मोजतात. मला हवे होते पंपाजवळचे, तेही गाडी जोरात असताना. म्हणून टाकीजवळून दोन वायरी आणून मीटर मांडीवर घेतला आणि मागे बसले. केतकी गावाबाहेर गाडी पळवायला लागली.

नाक्यावर हवालदाराने थांबवलं. आत वाकून वायरी बघितल्या, मला बघितलं.

"आजी, पेशंट कोण?"

"गाडी!"

"मग सलाईन तुम्हाला का लावलंय?"

टर्बो जोरात आला की मीटर तेरावरून अकराखाली घसरत होता. जाड वायर नवी, मग व्होल्ट गेले कुठे? करंटला जायला वाट लागते तशी परत यायलाही लागते. ती परतीची वाट म्हणजे अर्थिंग, गाडीच्या पत्र्याला आवळलेली वायर. ते केतकीने केलं होतं, बोल्ट कचकचून आवळलेला. तो खोलला तर खाली लालभडक थर! दसऱ्याला ट्रॅक्टर रंगवताना भाऊसाहेबांनी उरलेला ऑइलपेंट गाडीच्या पोटाला, मिळेल तिथे फासला होता. रंगातून करंट जाणार कसा?

"पूजेची गाडी, मावशी. उघडी कशी ठेवायची?"

"देवाला शेंदूर लावा. अर्थिंगला नको!"

पत्रा चकचकीत होईस्तोवर घासला. आता टर्बो जोरात आला तरी मीटर तेरावरून हलेना.

* * *

रविवारी गडावर निघालो. केतकी स्टिअरिंगवर, शेजारी भाऊसाहेब, मागे मी, कान टाकीकडे. पायथ्याची नांदुरी सुटली, चढ लागला, केतकीने पाय दाबला.

"आता देईल बघा गचका," भाऊसाहेब म्हणाले.

वळण गेलं.

"पुढच्या वळणाला देईल."

तेही गेलं. केतकीचा पाय तसाच दाबलेला. वर पोचलो. भाऊसाहेब उतरले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि माझ्यावरच डाफरले, "दिलाच नाय!"

जणू काही मीच फसवलं!

"मग पप्पा, ब्लोअर?" केतकीने विचारलं.

"बघू," म्हणाले आणि दर्शनाला चालू लागले.

* * *

पुढच्या आठवड्यात तीच गाडी दारात थांबली. स्टिअरिंगवर भाऊसाहेब, एकटेच. 

"विकायला निघालात की काय?"

"छ्या!"

"मग केतकी कुठंय?"

"फवारणी चालू हे ना. ट्रॅक्टरवर बसवलं तिला."

ते उतरले, इकडेतिकडे बघितलं, बोनेटवर हात ठेवला आणि आवाज खाली आणून म्हणाले,

"मावशी, तिला सांगू नका. पण ह्याच्याहून मोठा पंप येतो का?"